चेंबर पुन्हा ओलं का होतं: सिलिकॉन, अॅनेरोबिक आणि नुसतं पॅकिंग

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या डिझेल जीपचं पत्र्याचं ऑइल चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाशी बोल्टांनी बसवलेलं तेलाचं भांडं, दोनदा उतरवून सिलिकॉन लावून बसवलं, एकदा काळं आणि एकदा लाल. दोन्ही वेळा आठ-दहा दिवसांत कडा ओल्या झाल्या. आता सगळ्यात चांगली ट्यूब कोणती, आणि तीच गिअरबॉक्स, वॉटर पंप, एक्झॉस्ट इथेही चालेल का?

ट्यूब बदलून ही गळती थांबणार नाही. बाजारात मिळणारं कुठलंही धड सिलिकॉन चेंबरमधलं तेल अडवायला पुरेसं असतं, कारण तिथे दाब जवळजवळ नसतो आणि तापमान फार तर सव्वाशे अंशांच्या आसपास असतं. एवढ्याशा कामात ते दोनदा हरलं, म्हणजे दोष पत्र्यात, सफाईत, ब्रीदरमध्ये (इंजिनातला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीत) किंवा गळतीची जागा ओळखण्यात आहे. सीलंट निवडताना रंग आणि डब्यावरचा तापमानाचा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. आधी तीन गोष्टी विचारायच्या: दोन फेसमध्ये (एकमेकांना टेकणाऱ्या सपाट बाजूंमध्ये) फट किती राहते, सांधा चालू इंजिनात हलतो का, आणि आत कोणता द्रव आहे.

पण त्याही आधी, गळतंय ते खरंच चेंबर आहे का? इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरचं तेल ब्लॉकवरून ओघळून चेंबरच्या कडेला येऊन थांबतं आणि तिथून थेंब पडतो. क्रँकचं मागचं ऑइल सील गेलं तर तेल बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या आवरणाच्या) खालच्या भोकातून येतं आणि चेंबरच्या मागच्या कडेवर पसरतं. म्हणून इंजिन बाहेरून धुऊन पूर्ण वाळवा आणि संशयाच्या सगळ्या सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरवा. इंजिन गरम होईपर्यंत जागेवर चालवा, मग थोडं फिरवून आणा. पांढऱ्या पावडरीवर तेलाची पहिली रेघ जिथून सुरू होते ती गळतीची जागा. थेंब कुठे पडतो याला महत्त्व नाही.

दुसरी तपासणी ब्रीदरची. झिजलेल्या पिस्टन रिंगांमधून ज्वलनाचा वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या पोकळीत, उतरतो. ब्रीदरची नळी किंवा जाळी मळाने बुजली असेल तर हा वायू बाहेर पडायला दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट म्हणजे चेंबरचा सांधा किंवा ऑइल सील. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून तिच्यात पाणी भरा, एक टोक डिपस्टिकच्या नळीला घट्ट जोडा आणि इंजिन चालू करा. दोन्ही बाजूंच्या पाण्यात १०० मिमीचा फरक पडला तर आत साधारण १ किलोपास्कल दाब आहे. इंजिनाच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा आकडा जास्त आला तर आधी ब्रीदर साफ करा. तरीही उतरला नाही तर रोग रिंगांचा आहे, त्यावर सिलिकॉनचा लेप चालत नाही.

आता पत्रा. दोनदा उघडलेल्या चेंबरमध्ये बहुतेक वेळा दोष इथेच सापडतो. एम६ बोल्ट, म्हणजे ज्याला १० नंबरचा पाना लागतो तो, कोरड्या आट्यांवर १० न्यूटन-मीटरला आवळला की साधारण ८०० किलोच्या जोराने पत्रा दाबतो. गळतं म्हणून कुणी ‘अजून थोडा’ आवळला, की भोकाभोवतीचा पत्रा ब्लॉकच्या दिशेने खड्ड्यासारखा आत जातो. मग बोल्टजवळ पत्रा ब्लॉकला टेकतो आणि दोन बोल्टांच्या मधे कमानीसारखा उचललेला राहतो. आवळावं तितकी कमान वाढते. ब्लॉकला लागणारी कड वर करून तिच्यावर सरळपट्टी उभी धरा आणि खालून उजेड बघा, प्रत्येक बोल्टाच्या भोकापाशी उंचवटा आणि मधे उजेडाची फट दिसेल. दुरुस्ती सोपी आहे. ब्लॉकला लागणारी बाजू वर येईल असं चेंबर धरून कडेखाली ऐरण किंवा जाड सपाट लोखंड टेकवा, आणि वर आलेल्या कडा हातोडीच्या सपाट तोंडाने हलकेच ठोकून बसवा. भोकाभोवतीची जागा बाकी कडेच्या पातळीला किंवा केसभर खाली गेली की थांबा. शेवटी काचेवर किंवा सरफेस प्लेटवर ठेवून कडेखाली फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) फिरवा. पत्र्याच्या चेंबरला ०.५ मिमीपर्यंतची फट सिलिकॉन सांभाळून घेतं, त्याच्या वर गेली तर पुन्हा ठोका.

सफाईत दोन चुका नेहमीच्या. पहिली म्हणजे जुन्या सिलिकॉनवर नवं लावणं. घट्ट झालेल्या सिलिकॉनला नवं सिलिकॉन नीट धरत नाही आणि पेट्रोल किंवा थिनरने ते विरघळतही नाही, त्यामुळे ते खरवडूनच काढावं लागतं. बिडाच्या ब्लॉकवर स्टीलचा स्क्रॅपर चालतो, पण अॅल्युमिनियमवर पितळेचा किंवा कडक प्लॅस्टिकचाच वापरा, कारण एक आडवा ओरखडा म्हणजे तेलाला तयार पाट. काम झटपट व्हावं म्हणून ग्राइंडरला घासणीची चकती लावून फेस चकाकवण्याची पद्धत बरीच दिसते, ती सोडा. चकतीतले अॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण उघड्या इंजिनात पडतात, तेलाबरोबर फिरतात आणि बेअरिंगं खातात. गळती थांबते आणि थोड्याच दिवसांत क्रँक वाजायला लागतो.

दुसरी चूक म्हणजे डिझेल किंवा रॉकेलने पुसून लगेच ट्यूब लावणं. दोन्ही मागे तेलकट थर ठेवतात. पंपाचं पेट्रोलही पूर्ण स्वच्छ उडत नाही. शेवटचा हात ब्रेक क्लीनर, अॅसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलचाच फिरवा, गाडीखाली हवा खेळती ठेवा आणि आसपास बिडी-वेल्डिंग नको. ब्लॉक वर असल्यामुळे तेल तासन्‌तास झिरपत राहतं, म्हणून चेंबर आदल्या संध्याकाळी उतरवावं आणि इंजिन रात्रभर निथळू द्यावं. ट्यूब उघडण्याआधी नवं पांढरं फडकं फेसवरून फिरवा. त्यावर पिवळा डाग आला तर पुन्हा पुसा. आंधळ्या, म्हणजे पलीकडे न निघणाऱ्या बोल्टभोकांत तेल किंवा क्लीनर साचलेलं असतं, ते हवेच्या झोताने काढा. द्रवाने भरलेल्या भोकात बोल्ट आवळला की द्रव दबत नाही आणि कास्टिंग फुटू शकतं. शिवाय बोल्ट घट्ट लागतो, फेस मात्र दाबला जात नाही.

आता सिलिकॉन लावणं. नोझल ४५ अंशात असं कापा की ३ मिमी जाडीची धार निघेल. धार बोल्टाच्या भोकांच्या आतल्या बाजूने न तोडता पूर्ण फिरवा आणि प्रत्येक भोकाला बाहेरूनही वळसा द्या. सुरुवात आणि शेवट कोपऱ्यावर आणू नका, सरळ भागात एकमेकांवर थोडे चढवा. किती लागतं याचा हिशेब एकदा करून बघण्यासारखा आहे. चेंबरचा घेर १.६ मीटर धरला तर ३ मिमीच्या धारेला सुमारे ११ मिलिलिटर लागतं. म्हणजे १०० ग्रॅमच्या ट्यूबचा आठवा हिस्सा. एका चेंबरला अर्धी ट्यूब संपवली, तर बाकीचं दाबाने आत आणि बाहेर गेलं. बाहेरचं दिसतं, बोटाने पुसून टाकता येतं. आतलं रबराच्या शेवयांसारखं लोंबत राहतं, तुटतं आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं. ज्या इंजिनात जास्त सिलिकॉन वापरलं गेलंय त्याची जाळी उतरवून बघा: काळ्या-लाल अळ्यांची चटई दिसते, आणि ऑइलचा दिवा का लुकलुकत होता ते कळतं.

धार लावल्यावर दहा मिनिटांच्या आत चेंबर बसवा. वर साय धरली की ते समोरच्या फेसला चिकटत नाही. चेंबर सरकवत न्यायचं नाही, थेट वर उचलून लावायचं. त्यासाठी डोकी कापलेले दोन लांब स्टड समोरासमोरच्या भोकांत हाताने फिरवून ठेवले तर एकटा माणूसही नीट बसवतो. आवळण्याबाबत दोन मतं ऐकू येतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. पत्र्याच्या चेंबरला आधी सगळे बोल्ट बोटाने घट्ट करा, कडेने सिलिकॉन एकसारखं डोकावू द्या, तासभर थांबा, मग मधून टोकांकडे जात टॉर्क द्या. थोडं घट्ट झालेलं सिलिकॉन पूर्ण पिळून निघत नाही, मधे पातळ रबरी थर शिल्लक राहतो. ओतीव, मशीन केलेल्या फेसला मात्र लगेच पूर्ण टॉर्क द्यायचा, तिथे धातूला धातू टेकणं अपेक्षित असतं. पत्र्यावर एम६ ला ८ ते १० न्यूटन-मीटर सहसा पुरतात. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच पाळा.

चेंबरला मुळात कॉर्कचं किंवा रबर-कॉर्कचं पॅकिंग असेल तर दोन्ही बाजूंनी सिलिकॉन चोपडायचं नाही. ओलं सिलिकॉन तिथे वंगणाचं काम करतं. बोल्ट आवळताना पॅकिंग घसरून बाहेर येतं, बोल्टांच्या मधे जिभेसारखं लोंबतं आणि भोकापाशी फाटतं. पॅकिंग जागेवर धरायचंच असेल तर फक्त चेंबरच्या बाजूला पातळ हात मारा, तो पूर्ण वाळू द्या आणि ब्लॉककडची बाजू कोरडी ठेवा. चार कोपऱ्यांत, जिथे टायमिंग कव्हर किंवा मागच्या सीलचं हाउसिंग ब्लॉकला मिळतं, तिथे तीन भाग एकत्र येतात आणि पायरी राहते. त्या प्रत्येक जागी मुगाच्या दाण्याएवढा ठिपका हवाच. चेंबर सगळं कोरडं आणि फक्त कोपरे ओले अशी गाडी आली, तर तो ठिपका राहून गेलेला असतो.

याच्या अगदी उलट प्रकार गिअरबॉक्सचा. जाड ओतीव केसिंग, दोन्ही फेस मशीन केलेले, जागा नेमकी धरणाऱ्या डोवेल पिना, फट शंभरांश मिलिमीटरांत. इथे अॅनेरोबिक सीलंट घ्या, लॉकटाइट ५१५ किंवा ५१८ सारखं. ते हवेत घट्ट होत नाही. दोन धातूंच्या मधे हवा तुटली की धातूच्या संपर्कात जमतं. म्हणून आत पिळून निघालेला भाग द्रवच राहतो आणि तेलात मिसळून जातो, जाळी बुजण्याची भीती नाही. मर्यादा मात्र कडक आहेत. साधारण ०.२५ मिमीपेक्षा मोठी फट ते भरत नाही. प्लॅस्टिकवर जमत नाही, उलट काही प्लॅस्टिकला तडे पाडतं. स्टील, बीड, पितळेवर लवकर धरतं. स्टेनलेस, जस्ताचा मुलामा किंवा अॅनोडाइज केलेल्या अॅल्युमिनियमवर रेंगाळतं, तिथे अॅक्टिव्हेटर लागतो. ५१८ ला १५० अंशांपर्यंत ठेवावं, त्यावर २०० पर्यंत जायचं असेल तर ५१० आहे. आणि एकदा सांधा बंद करून जमायला लागला की ‘जरा सरकवून बघू’ चालत नाही. सरकवलं तर उघडा, पुसा, पुन्हा लावा. बाटली अर्धी रिकामी येते म्हणून दुकानदाराशी भांडू नका, आतली हवाच त्याला द्रव ठेवते.

गिअरबॉक्सवर एक सापळा आहे आणि त्यात चांगले हातही सापडतात. मूळ सांध्यात कागदी पॅकिंग असेल, समजा ०.२५ मिमीचं, तर ती जाडी कारखान्याने शिमच्या (बेअरिंगपाशी घालायच्या पातळ चकत्यांच्या) हिशेबात धरलेली असते. पॅकिंग फेकून नुसतं अॅनेरोबिक लावलं की केसिंग पाव मिलिमीटरने जवळ येतं. बेअरिंगवरचा प्रीलोड, म्हणजे बसवतानाच दिलेला दाब, वाढतो, टेपर रोलर गरम होऊन निळे पडतात. याच्या उलट मोटरसायकलच्या क्रँककेसमध्ये, जिथे मुळात पॅकिंग नाही, तिथे सिलिकॉनचा जाड थर दिला की दोन अर्धे एकमेकांना टेकतच नाहीत आणि क्रँकचा एंड-फ्लोट, म्हणजे त्याला लांबीच्या दिशेने सरकायला असलेली जागा, बदलतो. कागदी पॅकिंग मिळत नसेल तर त्याच जाडीचा पॅकिंग कागद आणून कापा. जुन्याची जाडी मायक्रोमीटरने बघताना बोल्टांमधली न दबलेली जागा मोजू नका, दबलेली मोजा.

मग अॅल्युमिनियमचं ओतीव चेंबर बिडाच्या ब्लॉकवर असेल तर? फेस मशीन केलेले आहेत, तरीही इथे सिलिकॉनच. अॅल्युमिनियम गरम झाल्यावर बिडाच्या दुपटीहून जास्त पसरतं. अर्धा मीटर लांबीचं चेंबर ८० अंशांनी तापलं की दोन्हींच्या लांबीत साधारण अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे मध्यापासून प्रत्येक टोकाला पाव मिलिमीटर घसट, दर वेळी इंजिन तापलं-निवलं की. अॅनेरोबिकचा पातळ कडक थर या ओढाताणीत सुटतो. अशा चेंबरच्या फेसला आतल्या कडेने लहान उतार किंवा खोबण दिलेली असते, तिथे सिलिकॉन जाड राहावं म्हणून. ‘फेस गुळगुळीत करतो’ म्हणत ती मशीनवर काढून टाकू नका.

सिलिकॉनमध्येही जाती आहेत. आपल्याकडे कुठल्याही सिलिकॉनला सरसकट ‘अॅनाबॉन्ड’ म्हणतात, ६६६ नंबरच्या ट्यूबमुळे. पण त्याच कंपनीची अॅनेरोबिक उत्पादनंही आहेत, म्हणून दुकानात नाव न घेता नंबर सांगावा. ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर ती अॅसिटॉक्सी जात आहे. जमताना अॅसिटिक आम्ल सुटतं, तांबं-पितळ हिरवं पडतं, सेन्सरच्या पिना आणि वायरिंगचे सांधे खराब होतात. वास नसलेली न्यूट्रल जात घ्या. बीएस-६ गाड्यांवर, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या, तर पाकिटावर ‘सेन्सर सेफ’ लिहिलेलं असल्याशिवाय हात लावू नका. चुकीच्या सिलिकॉनची वाफ ब्रीदरमधून इंजिन ओढून घेत असलेल्या हवेत जाते आणि ऑक्सिजन सेन्सरवर बसते. रंगाला कुठलाही जागतिक नियम नाही. लाल किंवा तांबडं सहसा जास्त तापमानाचं, करडं थोडं कडक, काळं लवचिक, पण कंपनीगणिक बदलतं. पाठीमागचं वाचा.

पेट्रोलच्या संपर्कात सिलिकॉन कुठेच नको. कार्बोरेटरच्या बाऊलला लावलेलं सिलिकॉन फुगतं, मऊ पडतं, त्याचा कण सुटून जेटमध्ये अडकतो. तिथे कोरडं पॅकिंग किंवा ओ-रिंग. अगदीच आधार हवा असेल तर हायलोमारसारखं न जमणारं निळं सीलंट पातळ लावा. रोल्स-रॉइसच्या जेट इंजिनांसाठी तयार झालेली ही चीज इंधनाला टिकते आणि सांधा पुन्हा उघडताना खरवडावी लागत नाही. जुना शेलॅक मात्र आता फक्त कागदी पॅकिंग जागेवर धरायला ठेवा. तो ठिसूळ होतो, पण स्पिरिटने निघतो एवढं त्याचं पुण्य.

वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटला कागदी पॅकिंगवर दोन्ही बाजूंनी बोटाने पुसल्याइतका पातळ थर, बस. जास्तीचं सुटून रेडिएटरच्या नळ्यांत जातं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला कुठलीच ट्यूब नाही. लाल सिलिकॉन तीनशे अंशांच्या आसपास दम तोडतं आणि मॅनिफोल्ड त्याच्या दुप्पट तापतो. धातूचं किंवा ग्राफाइटचं पॅकिंग आणि सरळ फेस लागतो. सायलेन्सरच्या नळीत नळी बसते तिथे एक्झॉस्ट पेस्ट चालते. हेड पॅकिंगवरही काही लावायचं नाही, फक्त टायमिंग कव्हरच्या सांध्यावर मॅन्युअल सांगेल तिथे ठिपका. हायड्रॉलिकमध्ये टेफ्लॉन टेप नको, तिचे धागे व्हॉल्व्हच्या स्पूलमध्ये, म्हणजे सरकत्या दांड्यात, अडकतात. समांतर आट्यांना डाउटी वॉशर (रबरी कड असलेली धातूची चकती), निमुळत्या आट्यांना अॅनेरोबिक पाइप सीलंट, पहिले एक-दोन आटे कोरडे सोडून.

शेवटी वाळणं. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने जमतं, उष्णतेने नाही, आणि बाहेरून आत दिवसाला साधारण २ ते ३ मिमी. कोकणात पावसाळ्यात साय इतक्या लवकर धरते की धार फिरवून होईपर्यंत सुरुवात वाळायला लागते, तिथे मदतनीस हवा. विदर्भातल्या मे महिन्यात हवा कोरडी, वर कडक वाटलं तरी आत पेस्ट राहते; २४ ऐवजी ४८ तास द्या. हॅलोजन लावून तापवण्याने काही साधत नाही. ट्यूब जुनी असेल तर आदल्या दिवशी पुठ्ठ्यावर ठिपका टाकून ठेवा. सकाळी तो नखाने चेंदला गेला तर ट्यूब कचऱ्यात. तेल भरायची घाई नको, रात्र तरी जाऊ द्या. तेल भरल्यावर इंजिन गरम करा, थंड होऊ द्या आणि कडेवरून कोरडं फडकं फिरवा. कॉर्क असेल तर आता बोल्ट हलकेच तपासून ढिले झालेले परत टॉर्कला आणा. सिलिकॉनवर बसवलेल्या चेंबरचे बोल्ट मात्र पुन्हा आवळू नका, जमलेला थर तिथेच फाटतो.